तुझ्या रक्तावर माझं पथ्य

चि. शिवा यास,

मिरकरवाड्याहून विठूभावजींचे आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ठीक काहीच नाही. तुझी तब्येत कशी आहे? हे मात्र रीत म्हणून विचारत नाही. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. तर फोन तुझ्या गुणवंतीताईच्या ताब्यात आहे आणि तो माझ्या ताटाचे फोटो काढण्याच्या कामी लागला आहे. शिवाय सांगायचं ते सांगताना माझा आवाज कापतो. मी घाबरलोय, शिवा.

शिमग्याला तू आला होतास, तेव्हाचं आठव. आमच्या लेकीने, भाविकाने, पुण्याहून माझ्या पन्नाशीची भेट म्हणून ‘तुमच्या प्रकृतीप्रमाणे आहार’ असलं काहीतरी ठरवलं आणि रक्त न्यायला माणूस थेट दारात आला. (मी वादळाला भीत नाही, सुईला भितो. तुला माहीत आहे.) ताई मासळीच्या लिलावाला गेलेली, तू ओटीवर लोळत होतास. मी तुझी बाही वर केली आणि त्या माणसाला सांगितलं की हाच विठू. तू हसत हात पुढे केलास, मी त्याबद्दल तुला तळलेली पापलेटं खिलवली आणि दोघंही विसरून गेलो.

रिपोर्ट विसरला नाही. साखर तीनशेच्या वर! भाविका फोनवर रडली. गुणवंतीने साखरेचा डबा शेजारी देऊन टाकला आणि माझ्या आयुष्यात फोनवरून पथ्य सांगणाऱ्या तेजस्वी मॅडम आल्या. मॅडम सोलापूरच्या, शाकाहारी, बोलायला गोड (आता एवढंच गोड माझ्या वाट्याला). त्यांनी विचारलं, जेवता काय? मी म्हटलं, भात आणि माशाचं कालवण. सकाळी? रात्रीचा उरलेला भात. संध्याकाळी? तेव्हा भात व्हायचा असतो. मग भात बंद झाला, नारळ नावापुरता उरला आणि ज्वारीची भाकरी आली. गुणवंतीचा हात तांदळाच्या भाकरीचा. ज्वारी तिला जुमानेना, तव्यावर तुकडे पडायचे आणि त्या तुकड्यांचा राग माझ्यावर निघायचा. बांगड्याचं वजन डोकं धरून करायचं की सोडून, यावर दोघींचं इतकं बोलणं झालं की बांगडा निवला. (मासा रोज खाता, याचं मॅडमना नवल. आमच्याकडे एक दिवस मासा शिजला नाही तर शेजारीण विचारायला येते, घरात कोण आजारी आहे का.) गोळ्यांसाठी डॉक्टरकडे चला म्हणून भाविका मागे लागली, पण डॉक्टर म्हणजे पुन्हा सुई. म्हटलं, आधी पथ्याने बघू.

बघता बघता असा वाळलो की परवा विकायच्या बर्फाच्या लादीबरोबर मीही घसरत गेलो आणि कोळंबीच्या टोपलीत जाऊन बेशुद्ध पडलो. बंदरावर कुजबुज सुरू झाली. माझ्या बर्फाला जन्मभर नावं ठेवणाऱ्या मासळीवाल्या बायका ‘चांगला असतो हो तुमचा बर्फ’ म्हणायला लागल्या, तेव्हा मला पहिल्यांदा मरणाची भीती वाटली.

खरं सांगितलं तर गुणवंती सोडणार नाही, न सांगितलं तर ज्वारी सोडणार नाही. तेव्हा एवढंच कर, मॅडमनी पुन्हा रक्त मागितलं आहे. गुरुवारी उपाशीपोटी ये आणि माझ्या नावाने आणखी एकदा हात पुढे कर. ताईला बोलू नको.

तुझा भित्रा भावजी,
विठू

ता. क. रक्त मागितल्याचं खोटं लिहिलं. तू यावंस म्हणून. कोळंबीत पडलो तेव्हा मी शुद्धीवर यायच्या आत बंदरावरच्या डॉक्टरांनी माझं बोट टोचलं होतं. माझी साखर ठाकठीक आहे. मग ती तीनशे कोणाची, शिवा? शिमग्याला तू तांब्यामागून तांब्या पाणी पीत होतास, मी म्हटलं उन्हाळा. शिंगाळा माशाचा काटा लागलेलं पायाचं बोट तेव्हाही बांधलेलंच होतं, मी म्हटलं खाऱ्या पाण्याने चिघळलं असेल. पथ्य मी करतोय आणि भात तू खातोयस, हे मनात आलं की घास उतरत नाही. गुरुवारी ये आणि रक्त स्वतःच्या नावाने दे. मी सोबत असेन. दाराबाहेर नाही, आत.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवताना गुणवंती आली आणि माझ्याच्याने लपवलं गेलं नाही. सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, तीच मोठी भीती. नुसती खाली बसली. मग म्हणाली, “बाबांचा पाय साखरेनं गेला तवा मी पोर होते. आता नाय.” उठून साडी बदलली. आता तुझ्याकडे यायला जयगडच्या गाडीसाठी दारात उभी आहे, म्हणून हे घाईत लिहितोय. पत्र तुला तीच आणून देईल. वाचून झालं की वर बघ, आणि काही न बोलता तिच्यासोबत चल.