कादंबरीचा जलघात

॥ श्री ॥

नेकारसुल्म,
रविवार, ११ मार्च २००७

सौ. विहीणबाई ऊर्मिलाताई यांस,
कराडच्या अहिल्येचा स. न. वि. वि.

पाकीट बघून हसला असाल, की ही चौथी पास बाई फोन सोडून कागद कशाला खरडते. पण फोन इथं बाहेरच्या खोलीत मधोमध आहे आणि तुमची नंदिनी भाजी चिरता चिरता सगळं ऐकते. काही गोष्टी विहिणीविहिणींतच बऱ्या. अक्षर वाकडं असलं तरी लागेल तुम्हाला, तुम्ही लायब्ररीत नोकरी केलेल्या.

मी सुखरूप आहे. विमानात शेजारचा माणूस माझ्या नऊवारीकडं बघत बसला होता, त्याला मेथीचा लाडू दिला, मग तोही सुखरूप. आमचा हृषिकेश पहाटे उठून गाड्यांच्या कारखान्यात जातो. आपली नात कादंबरी माझ्या खांद्याला लागलीय. नऊ वर्षांची पोर, पण ताडमाड. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि दोघींचं बरं चाललंय. दर वाक्याआधी ती आल्झो म्हणते, म्हणजे आपलं 'तर मग', मलाही लागलंय ते. आल्झो, मुद्द्यावर येते.

इथल्या शाळेत तिसरीच्या पोरांना पोहायला शिकावंच लागतं. दर मंगळवारी सगळा वर्ग तलावावर जातो आणि आपली कादंबरी बाकावर बसून राहते. नंदिनी दर वेळी चिठ्ठी देते, कान दुखतो म्हणून. आता बाईंनी सांगितलंय की असा कुठला कान वर्षभर दुखतो, ईस्टरच्या सुट्टीनंतर डॉक्टरचा कागद आणा नाहीतर मूल पाण्यात पाठवा. नंदिनी मला एका शब्दानं बोलली नाही, पण तिच्या मनातलं मला कळतं. पत्रिका मीच केली ना. कादंबरी झाली तेव्हा मीच धावत दत्तात्रयगुरुजींकडे गेले आणि मीच ते ऐकून आले, की बारा पुरी होईस्तोवर मुलीला जलघात आहे. पोर तिथं बाकावर बसते ती माझ्यामुळं.

त्यात सुट्टीत मेक्सिकोला जायचं ठरलंय. हो, मीपण. माझ्या व्हिसावर परत आत यायची मुभा आहे का हे हृषिकेशनं तीनदा तपासलं, नाहीतर म्हणे मी तिकडेच राहीन मक्याच्या भाकऱ्या थापत. समुद्राकाठी हॉटेल आहे, आणि एक दिवस गाईडबरोबर बसनं माया लोकांची जुनी देवळं आणि सेनोते बघायचे. सेनोते म्हणजे जमिनीत आपोआप पडलेली मोठाली विहीर, लोक त्यात पोहतात. चित्र बघून मला माहेरची विहीर आठवली. पाठीला वाळका भोपळा बांधून आम्ही पोरी वरून धडाधड उड्या टाकायचो. लग्न झालं, मग कुठलं पोहणं. पण कादंबरीचं काय करू? नंदिनी म्हणते, तिला काठावरच बसवू. तुमचं मत लिहा.

माया पातळ होऊ देऊ नका.
आपली,
अहिल्या


॥ श्री ॥

पुणे,
२० मार्च २००७

ती. अहिल्याबाई यांस,
ऊर्मिलेचा सा. न. वि. वि.

पत्र पोचले. अक्षर मुळीच वाकडे नाही, फक्त ओळी उताराला लागलेल्या असतात. नऊवारीत मेक्सिको पाहणाऱ्या तुम्ही पहिल्याच असाल. ह्यांना वाचून दाखवले, तर म्हणाले, विहीणबाईंना आता माया लोकांचा हळदीकुंकू समारंभ तेवढा करायचा राहिला आहे.

थट्टा पुरे. तुम्ही मत विचारलेत, स्पष्ट लिहिते. मी एम.ए. झालेली बाई आहे, वर्तमानपत्रातले भविष्य वाचतसुद्धा नाही. पण जलघात हा शब्द तुम्ही मला फोनवर सांगितलात त्या दिवसापासून गेली नऊ वर्षे मी सोमवार धरला आहे. माझे सगळे शहाणपण नातीपाशी येऊन संपते. तिला पाऊलसुद्धा ओले करू देऊ नका. शाळेचे काय ते डॉक्टरकडून होईल, नंदिनीला मी सांगते. सेनोतेपाशी तुम्ही स्वतः तिचे बोट धरून बसा आणि सोडू नका. रागावू नका, पण काही कमीजास्त झाले तर मी जावयांना विचारणार नाही, लेकीला विचारणार नाही, तुम्हालाच विचारीन.

भोपळ्याचे वाचून मात्र गंमत वाटली. तुम्हाला पोहता येते हे इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते.

प्रवास जपून करा. मनात जागा आहे ती राहू द्यावी.
आपली,
ऊर्मिला


॥ श्री ॥

नेकारसुल्म,
रविवार, १५ एप्रिल २००७

सौ. ऊर्मिलाताई यांस,
अहिल्येचा स. न. वि. वि.

आधी उपवास सोडा, मग पुढं वाचा. हसू नका, खरंच सांगते.

परवा आलो मेक्सिकोहून. काय ऊन, काय समुद्र! हॉटेलात सकाळी अठरा तऱ्हेची फळं आणि चहा मात्र एक तऱ्हेचा, तोही वाईट. सहलीच्या दिवशी सहालाच बस निघाली. सगळे जर्मन, आणि गाईड मेक्सिकोचा पण जर्मन फडाफडा बोलणारा. मी नेहमीच्या सवयीनं डोक्यावर चांगलं वाटीभर खोबरेल थापलं होतं. तर तो म्हणतो, तेल-क्रीम लावून सेनोतेत जाता येत नाही, पाणी बिघडतं, आधी नळाखाली उभं राहून धुऊन या. सगळी बस माझ्या अंबाड्याकडं बघतेय! मी म्हटलं, हा माझ्या सासूचा भाऊच दिसतोय.

पहिल्यांदा देवळं बघितली. चिचेन इट्झा. चौकोनी उतरंडीसारखं मोठं थोरलं देऊळ, वर चढू देत नाहीत. समोर उभं राहून टाळी वाजवली की पायऱ्यांतून पाखराच्या ओरडण्यासारखा आवाज परत येतो. मी आरतीच्या टाळ्या वाजवल्या, तर चार जर्मन बायकाही वाजवायला लागल्या. मग गाईडनं लांबची एक विहीर दाखवली आणि सांगितलं की पाऊस पडावा म्हणून हे लोक त्यात माणसं सोडायचे. मी कादंबरीचं बोट घट्ट धरलं.

आता ऐका. तिथं एक माणूस झाडाच्या सालीच्या कागदावर, ज्याची त्याची जन्मतारीख माया लोकांच्या चित्रांत रंगवून देत होता. कादंबरीनं हट्ट धरला. त्यानं तारीख विचारली, आणि दिवसाचा जन्म की रात्रीचा, तेही विचारलं. नंदिनी म्हणाली, पहाटे सहा चाळीस, बाहेर अंधार होता आणि बर्फ पडत होता. मी म्हटलं, छे, अकरा दहा, मी स्वतः कॅलेंडरवर लिहिलंय. नंदिनी म्हणाली, आई, मी तिथं होते. तिथंच आमची जुंपली. कागदवाला ब्रश धरून उभा. मग हृषिकेशनं माझ्या मनगटाकडं बघितलं. माझं घड्याळ मी अजून कराडच्या वेळेवरच ठेवलंय, गोळ्या त्याप्रमाणं घेते. त्यानं विचारलं, अकरा दहा कुठल्या घड्याळात? मी म्हटलं, आपल्या भिंतीवरच्या, झाल्या झाल्या तुझा फोन आला तेव्हा बघितलं. आणि गुरुजींना गाव कुठलं सांगितलंस? मी म्हटलं, जर्मनी.

ऊर्मिलाताई, गाव जर्मनीचं आणि वेळ कराडची! साडेचार तासांचा घोळ! ती पत्रिका आपल्या पोरीची नाहीच. त्या वेळेला त्या गावात जी कोण जन्मली असेल तिनं सांभाळावं आपलं. मी तिथल्या तिथं फतकल मारून बसले. हसू की रडू. पोरगं नऊ वर्षं माझ्या अडाणीपणानं कोरडं राहिलं.

मग दुपारी सेनोते. कातळातल्या पायऱ्या उतरत जायचं. वरून झाडांची मुळं दोरासारखी पाण्यापर्यंत लोंबलेली, निळंशार पाणी, आत काळे मासे. मी म्हटलं, जा बाई आता, आणि गेली की! नारिंगी जाकीट घालून अर्धा तास तरंगत होती. मी केस धुऊन काठाला होते.

हृषिकेशनं फोटो दिलेत, सोबत घातले. आता एकच. नंदिनी म्हणते, पुण्याच्या आईनं हो म्हणेपर्यंत मी डॉक्टरच्या चिठ्ठ्या थांबवणार नाही. तुम्ही फोनवर तिला हो म्हणा. उद्यापासून शाळा आहे.

तोंड गोड करा आणि आमच्या वाटचं प्रेम राखून ठेवा.
आपली,
अहिल्या


॥ श्री ॥

पुणे,
२५ एप्रिल २००७

ती. अहिल्याबाई यांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचले. वाचून पहिल्यांदा सोमवार मोजले. नऊ वर्षांचे सोमवार म्हणजे चारशेच्या वर होतात. ह्यांनी आधी हसून घेतले आणि मग माझ्याकडे बघून पत्र घडी करून ठेवले. मला तुमचा राग आला हे लपवत नाही. पण मीही एम.ए. होऊन एकदाही नंदिनीला जन्मवेळ विचारली नाही, तेव्हा राग अर्धा माझ्यावरही आहे.

नंदिनीला अजून हो म्हटलेले नाही. ती पत्रिका चुकीची, हे कबूल. म्हणजे खरी पत्रिका काय सांगते हे आपल्याला ठाऊकच नाही. मी सहा चाळीस ही वेळ घेऊन स्वतः कराडला गुरुजींकडे जाऊन आले. त्यांनी कानाला हात लावले आणि पंधरा दिवसांनी या म्हणाले, लग्नसराई आहे. तोवर मुलीला पाण्याबाहेर ठेवावे.

आता एक विचारते. फोटो फार सुरेख आले आहेत. त्यांतला देवळासमोरचा, तुम्ही दोघी टाळ्या वाजवता आहात तो, मी भिंग घेऊन पाहिला. कादंबरीच्या दोन्ही वेण्या निथळत आहेत आणि फ्रॉकच्या खांद्यावर ओले डाग आहेत. तुमचा अंबाडाही सुटलेला, ओला आहे. तुम्ही लिहिता, देवळे आधी आणि सेनोते दुपारी. पाऊस पडल्याचे काही लिहिलेले नाही. मग त्या वेळी मुलीचे केस ओले कसे?

उत्तर खरे द्यावे. आपल्यात काही राहू नये, एवढेच मागणे.
आपली,
ऊर्मिला


॥ श्री ॥

नेकारसुल्म,
शुक्रवार, ४ मे २००७

सौ. ऊर्मिलाताई यांस,
अहिल्येचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून मी चार वेळा चहा टाकला आणि चारही वेळा उतू घालवला. नंदिनीनं विचारलं, काय झालं. सांगितलं तिला. आता तुम्हाला सांगते.

आधी सेनोते होतं. देवळापाशी बसगाड्यांची गर्दी आहे असं गाईडला कळलं, म्हणून त्यानं उलटं केलं. मी पत्रात दिवस पुन्हा सुलटा केला, माझ्या सोयीनं.

हृषिकेश आणि नंदिनी वर सामान ठेवायच्या रांगेत होते. मी आणि कादंबरी खालच्या पायरीवर. बोट धरलं होतं, तुमची शपथ. बसमधल्या पोरी भराभर पाण्यात गेल्या. एकीनं जाता जाता आपला टॉवेल हिच्या मांडीवर टाकला. मग दुसरीनं टाकला. ओळख ना देख. हिनं एकेक घडी करून नीट रचून ठेवले. मी विचारलं, हे काय गं, तर म्हणाली, शाळेतही मीच सांभाळते सगळ्यांचे. रडली नाही, कुरकुरली नाही. नऊ वर्षांची पोर, देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्या म्हातारीसारखी बसलेली. आणि मग माझ्याकडं वळून मराठीत विचारलं, आजी, मी जाऊ का. सगळं वाक्य मराठीत. महिनाभरात पहिल्यांदा.

मी हो म्हटलं.

ऊर्मिलाताई, तेव्हा पत्रिका माझ्या लेखी खरी होती. कागदवाला, घड्याळ, साडेचार तास, सगळं नंतरचं. जलघात आहे हे धरूनच मी हो म्हटलं. गाईडकडचं जाकीट तिला चढवून पट्टे मी ओढून ओढून बघितले, आणि काष्टा खोचून आधी मी उतरले. लग्नानंतर पहिल्यांदा. पाणी गळ्याशी आलं तेव्हा मनात म्हटलं, काय यायचंय ते आधी माझ्यावर येऊ दे. मग तिला हात दिला. तिनं दोन मिनिटं माझा गळा सोडला नाही, एवढं आवळलं की मला बोलता येईना. मग एक हात सोडला. मग दुसरा.

तेवढ्यात नंदिनी पायऱ्यांवर आली आणि किंचाळली. सगळी कपार घुमली. कादंबरीला वाटलं आई खूश झालीय, तिनं पाण्यातून हात हलवला. नंदिनी देवळापर्यंत बसमध्ये खिडकीबाहेर बघून डोळे पुसत होती. तुमचंच रक्त. पुढं तो कागदवाला भेटला आणि सगळे हसले, माझ्या चुकीनं मला वाचवलं. मग तुम्हाला लिहायला बसले आणि तुमचं ते वाक्य आठवलं, की तुम्हालाच विचारीन. मी भ्याले. पाण्याला नव्हते भ्याले, तुम्हाला भ्याले.

आता विचारा काय विचारायचं ते. नातीचा जीव तुम्हाला न विचारता, तिच्या आईला न विचारता, मी पाण्यात घातला. चांगलं झालं म्हणून मी शहाणी ठरत नाही, हे मला कळतं. पण ती पायरीवर पुन्हा तशी बसली तर पुन्हा हो म्हणेन, हेही खरं.

गुरुजींचा कागद आला की पाठवा. मी वाचीन, फाडणार नाही. त्यात जलघात नसला तर मी पेढे वाटीन, इथं पेढे मिळत नाहीत, दूध आटवून करीन. आणि असला तर? दोन दिवस हाच विचार करतेय, चालता बोलता, पोळ्या लाटताना. मग काल नंदिनीच मला म्हणाली, की आई, पुण्याला तुम्ही कळवा, या मंगळवारी मी डॉक्टरची चिठ्ठी देत नाही. कादंबरीला नवा पोहायचा पोशाख आणलाय, ती तो घालून घरभर फिरतेय, जेवायलाही तोच.

शाळेच्या बाईंनी आम्हाला तलावाच्या काचेबाहेर उभं राहायची परवानगी दिलीय. हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा मंगळवार होऊन गेलेला असेल. मी आणि नंदिनी दोघी जाणार आहोत.

रागवायचं ते पोटभर रागवा, पण अबोला धरू नका. पुढचा सोमवार मीही धरीन तुमच्याबरोबर.
आपली,
अहिल्या