बाबा सभासद झाले

बुधवार, १२ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील. फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझं ठीक चाललंय, गुडघा तेवढा कुरकुरतो. आपल्या साप्ताहिकाचा या आठवड्याचा अंक तुला आला नसेल. टपालाच्या गठ्ठ्यातून मीच काढून घेतला. का ते सांगते, जरा दम धर.

आधी बातमी. ज्या संघटनेवरून तुझं नि बाबांचं फाटलं, तिचे बाबा गेल्या वर्षी सभासद झाले. हो, आपलेच बाबा! छोटी वर्तमानपत्रं एकत्र आली तरच तगतील, असं तू म्हणालास, तेव्हा "मी कुणाच्या ओंजळीनं पाणी पिणार नाही" म्हणत ताटावरून उठले होते, तेच.

झालं काय, पुलाच्या बातमीवरून कंत्राटदारानं नोटीस धाडली. वकिलाला द्यायला बाबांकडे पैसे कुठले? नाइलाजानं संघटनेकडे अर्ज केला. संघटनेचा वकील आला, फुकट भांडला, कंत्राटदार गप्प बसला. मग काय विचारतोस! कागद सगळे मिळून घेतात म्हणून स्वस्त, मोठ्या जाहिराती वाटून मिळतात, असं आल्यागेल्याला ऐकवत सुटायचे. हे धाकट्यानं कधीच सांगितलं होतं, असं मी म्हटलं की मात्र कान बंद.

आणखी एक फायदा आहे. घरावर वेळ आली, तर शेजारच्या गावचा संपादक येऊन तुमचा अंक काढून देतो, खंड पडू देत नाही. सोमवारी आपल्याकडे कोण आलं असेल? बाबांचा जन्माचा वैरी. इतरांच्या बातम्या कापून छापतो म्हणून बाबा ज्याला 'कात्री' म्हणायचे, तो. बाबांच्या खुर्चीत बसला नाही. स्टूल ओढलं आणि डोळे पुसत पुसत पहिलं पान लावलं.

धाकट्या, बाबा गेले रे. रविवारी दुपारी, दवाखान्यात. तुला किती फोन केले. पहिल्या पानावर त्यांचा फोटो आहे. अंकाची घडी उघडून तुला हे कळायला नको होतं.

शनिवारी चांगले बोलत होते. मधेच म्हणाले, "त्याचंच बरोबर होतं." मी म्हटलं, आत्ता कळवते त्याला. तर म्हणाले, "तू नको. घरी गेलो की मी सांगेन."

कात्रीकाका चार अंक काढून देणार आहेत, तेवढाच नियम आहे. पुढचं आपलं आपण बघायचं. शेवटच्या पानावर खाली संपादकाचं नाव लागतं. कुणाचं घालू, असं त्यांनी विचारलं. माझ्या तोंडी तुझंच नाव आलं होतं. पण बाप गेल्याचं ज्याला ठाऊकच नाही, त्याचं नाव कसं छापायचं? माझं घातलं.

आता तुला ठाऊक झालं. पेपर मी रेटीन, त्यासाठी ये म्हणत नाही. पण बाबांचं ते वाक्य कागदावर सांगून भागत नाही. ते तुला समोर बसवून सांगायचं राहिलंय, आणि सांगणारी आता मीच उरले आहे.

तुझी वाट बघणारी,
ताई