हात खालून न्यावा

१४ नोव्हेंबर २००७

ठक. ठक. ठक-ठक. हरसूलच्या शाळेत गुरुजी पट्टीने टेबलावर ताल धरायचे नि आम्ही पोरं एका सुरात कविता म्हणायचो. साठ वर्षं झाली, कानातून जात नाही. आज सकाळी तोच ताल नकळत बुवाच्या काचेच्या पेटीवर धरला – त्याची दाढी काळीकुट्ट! फुगून कोपऱ्यात जाऊन बसला.

बुवा म्हणजे दिनेशचा परदेशी सरडा. हनुवटीखाली काट्यांची दाढी, म्हणून बुवा. दिनेशला जाऊन पाच आठवडे झाले. कावीळ. नऊ दिवसांत आटोपलं सगळं. एकुलता मुलगा होता माझा.

१५ नोव्हेंबर

पेटी पुसताना मागच्या बाजूला चिकटवलेला कागद सापडला. अक्षर दिनेशचं नाही. टपोरं, मोकळं.

'वरून हात नेऊ नये, त्याला घार वाटते. हात खालून, पोटाखाली न्यावा. चारही पाय टेकू द्यावेत. शेपटी धरू नये. खाल्ल्यावर दोन तास उचलू नये. आधी नि नंतर साबणाने हात धुवावेत. द्राक्षबागेतले किडे घालू नयेत, फवारणी असते.'

आणि मी महिनाभर वरूनच उचलतोय. दिनेशलाही तसाच उचलायचो, बखोट धरून.

१७ नोव्हेंबर

हात धुतला, पेटीत नुसता पालथा ठेवला. तासभर बसलो. चौथीच्या पुस्तकातल्या कविता पुटपुटल्या, ताल न धरता. बुवाने एक पाय माझ्या करंगळीवर ठेवला. काढून घेतला. परत ठेवला!

दुपारी वीज गेली. पेटीतला उबेचा दिवा विझला, बुवा गार पडला. खालून हात घालून उचलला नि स्वेटरच्या आत छातीशी धरून बसलो. वीज चार तासांनी आली. हललो नाही.

१९ नोव्हेंबर

खात नाही. मेथी, भोपळा – ढुंकून बघत नाही. त्याला किडे हवेत, ते आणू कुठून? चहूकडे बागाच. शेजारच्या लताबाई म्हणाल्या, "अण्णा, देऊन टाका कुणाला. तुमच्या हातात मेला तर तुम्हीच आजारी पडाल."

खरं आहे त्यांचं.

२० नोव्हेंबर

लिहूनच टाकतो.

दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवेना. मेहुणे खंडेराव म्हणाले, "काहीतरी राहिलंय पोराच्या मनात. बोला, अण्णा." मी हात जोडून म्हणालो, तुझा बुवा सांभाळीन. समोर भिंतीवर दहा-बारा कावळे. एक उतरला नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी दिनेश सरिताला घेऊन दारात उभा होता. त्याच्याच शाळेत शिकवायची, सुरगाण्याकडची, आदिवासी. मी दाराची साखळीसुद्धा काढली नाही. फटीतूनच म्हणालो, "आमच्यात हे बसत नाही." दिनेशने लग्नाचं नाव पुन्हा काढलं नाही, कुणाशीच. पुढच्या महिन्यात हा सरडा घेऊन आला.

एवढं एक नाव चारचौघांत घ्यायचं होतं. नाही घेतलं.

२१ नोव्हेंबर

बुवा डोळे उघडत नाही.

२२ नोव्हेंबर

दुपारी बेल वाजली. सवयीने साखळी लावूनच दार उघडलं. फटीत सरिता. चपलांवर लाल धूळ. हातात भोकं पाडलेला डबा.

"बुवा खातो का काही? नाकतोडे आणलेत. आमच्या नागलीच्या शेतातले, तिकडे फवारणी नसते."

डब्याच्या झाकणावर कागद चिकटवलेला – 'उन्हात ठेवू नये.' अक्षर टपोरं, मोकळं.

साखळी काढली.