पहिला कागद

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी सकाळी तुझ्या शाळेतून भिजक्या पुस्तकांची तीन पोती मी हट्टाने उचलून आणली, तेव्हा तू दारात कपाळाला हात लावून उभी होतीस. तुझं खरं ठरलं. पोती गच्चीवर उघडली, पुस्तकं एकेक करून उन्हात मांडली. तीस वर्षं बाइंडिंग करतोय, कसलंही पुस्तक वाचवून दाखवीन अशी माझी फुशारकी. पण पुराचा गाळ पानापानांत शिरून वाळला की पुस्तकाची वीट होते. ज्या पुस्तकावर बोट ठेवून आपण दोघं वाचायला शिकलो, त्याचीही वीटच झालीय. ते तेवढं ठेवून घेतलं.

तुझी भावजय म्हणते, गच्चीवर विटा वाळत घालून तोंड पाडून बसण्यापेक्षा बहिणीला काय हवंय ते विचारा. म्हणून विचारतो. शाळेचं पुढे काय? पडलेली भिंत डोळ्यांपुढून जात नाही. तू चिखलात अनवाणी फिरू नकोस.

तुझ्या मायेतला
धाकटा


९ ऑगस्ट

चि. चिकट्यास,
अ. आ.

तुझ्या विटा राहू देत, मला खऱ्या विटा हव्यात. तपासणीचे साहेब येऊन गेले. गृहस्थ चांगला, पण स्पष्ट बोलला. एक तारखेपर्यंत दोन खोल्यांवर छप्पर दिसलं नाही, तर मुलं पुलापलीकडच्या शाळेत जाणार आणि आपल्या शाळेला कुलूप लागणार. मोठी मुलं जातीलही चालत. पहिलीतली पिल्लं घरीच बसतील, आणि एकदा बसली की बसलीच. गवंडी माझ्या हातून मार खाल्लेला विद्यार्थी, त्याने भिंत शब्दावर सुरू केलीय. पत्रेवाला मात्र माझ्या हाताखालून गेलेला नाही.

तर आता ऐक. पाण्यावर रंग सोडून तू तो लहरींचा कागद काढतोस आणि पुस्तकाच्या पुठ्ठ्याआड चिकटवून लपवतोस, ती तुझी अबरी मी फ्रेम करून विकणार आहे. माझी एक विद्यार्थिनी मोठ्या शहरात घरांचे नकाशे काढते. तिच्या कचेरीतलं दालन ती २४ तारखेला, शनिवारी देतेय. फ्रेमवालाही तिनेच गाठलाय. तू नाही म्हणणार हे मला ठाऊक आहे. म्हणून झालं की कामाला लाग.

माझ्या भावजयीला सांग, तिची अक्कल तुझ्याहून बरी चालते.

कान पिळायचा हक्क शाबूत असलेली,
ताई


१३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस नाही म्हणून झालं, आता लिहितो.

ज्यांनी मला हे काम शिकवलं ते म्हातारे मालक म्हणायचे की, अबरी ही पाहुण्यासाठी घातलेली चादर. पाहुणा म्हणजे पुस्तक. चादरच भिंतीवर टांगली तर लोक हसतील, असं मला वाटत होतं. पण पुस्तकंच वाहून गेली, तेव्हा चादरीने नुसतं घडी होऊन पडून राहायचं, हेही पटेना. म्हणून कागदाला तुरटीचं पाणी लावलं, डिंकाचं पाणी मुरवलं आणि बसलो. निळ्यावर पांढरा थेंब टाकून फणी ओढली की काय होतं, ते तुला शब्दांत सांगता येणार नाही. चाळीस कागद उतरले. नीट गठ्ठा बांधून टेंपोवाल्याबरोबर तुझ्या नकाशेवालीकडे पाठवलेत.

माझी एकच अट आहे. दारावर पुराचे फोटो लावायचे नाहीत. शाळेची कणव येऊन कोणी न बघताच कागद काखोटीला मारला तर मला चालणार नाही. आधी कागद बघू देत. आवडला तर घेऊ देत. शाळेचं नंतर सांगा. यात माझा गर्व असेल. देवाला मी तसं सांगून ठेवलंय.

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारा,
धाकटा


१९ ऑगस्ट

चि. चिकट्यास,
अ. आ.

शिव्या घे. अरे गाढवा, चाळीसच्या चाळीस कागदांना तू मधोमध घडी घातलीयस! नकाशेवालीचा फोन आला तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं आणि मला रडू. फ्रेमवाला म्हणतो, काचेखाली ती रेघ भांग पाडल्यासारखी दिसते. तीस वर्षं पुस्तकात चिकटवायला घड्या घातल्यास, हाताला दुसरं सुचणार कसं? आईनेही तुला एकदा चिठ्ठी देऊन दुकानात पाठवलं होतं, तर तू ती चिठ्ठीच पुठ्ठा लावून परत आणलीस.

घडीचे कागद वाया जाणार नाहीत, मुलांच्या वह्यांना लावीन. पण शनिवारी भिंतीवर काय टांगायचं? नवे काढून, सुकवून, दाबून, पाठवून त्यांना फ्रेम होईपर्यंत आठवडा जाईल आणि हातात पाचच दिवस आहेत. भिंत उभी राहिलीय. वर आभाळ आहे.

तुझ्या माळ्यावर एक पेटी आहे. महिन्याला तू नवं पाणी करतोस, त्यावरचा पहिला कागद देवाच्या नावाने त्या पेटीत ठेवतोस. एकही घडी न घातलेला. देवाला वह्या शिवायच्यात का म्हणून मी तुला किती चिडवलंय! ती पेटी मी मागत नाही. देवाशी माझं बोलणं नाही, तुझं आहे. मला ती फक्त आठवली.

शनिवारी मी येणार नाही. गवंडी काम सोडून पळू नये म्हणून इथेच खुर्ची टाकून बसलेय.

रागातही तुझीच,
ताई


२६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. दिलेलं परत कसं घ्यायचं? दुसऱ्या दिवशी पहाटे देवापुढे बसलो. तो काही बोलला नाही, कधीच बोलत नाही. मग पेटी खाली काढून उघडली तर वरच्या कागदांच्या कडा कसरीने कुरतडलेल्या. तीस वर्षं मी समजत होतो की हे देवाला पोचतंय, आणि खात होती कसर! मला हसूच फुटलं. ही धावत आली, तिला वाटलं माझं डोकं फिरलं.

कडा छाटल्या, निवडून साठ कागद घेतले आणि दोन फळ्यांमध्ये सपाट बांधून त्याच दिवशी मोटारीने निघालो. वाटेत कंडक्टरने पार्सल उभं ठेवायला सांगितलं तर त्याच्याशी भांडलो. मी, ताई! भांडलो!

शनिवारी लोक आले. पहिल्याच बाईंनी विचारलं की यात वरची बाजू कुठली. तुझी नकाशेवाली म्हणाली की आज तुम्हाला वाटेल ती, उद्या दुसरी. अगदी तुझ्या तालमीतली आहे. एक म्हातारे डॉक्टर एका कागदापुढून हलेनात. तो मी एकोणिसाव्या वर्षी काढलेला, अगदी पहिला. कोपऱ्यात माझा अंगठा उमटलाय म्हणून मालक ओरडले होते. डॉक्टरांनी तोच घेतला, अंगठ्यासकट. शाळेची गोष्ट त्यांना कागद बांधताना कळली. सगळ्यांनाच नंतर कळली. ताई, त्यांना आधी कागद आवडले होते.

चार वाजता भिंती रिकाम्या झाल्या. पत्रे आणि लाकूड काल तुझ्याकडे पोचलं असेल. गवंड्याला आता खुर्चीवरून उठून मोकळं कर.

आज सकाळी नवं पाणी केलं. पहिला कागद उतरला, निळा, मधे पांढरी लहर. हात सवयीने पेटीकडे गेला. मी तो मागे घेतला. कागद सुकू दिला, मधोमध घडी घातली, या खेपेला समजून उमजून, आणि तुझ्यासाठी शिवलेल्या नव्या हजेरीपटाला आतून चिकटवला. यापुढे दर महिन्याचा पहिला कागद शाळेतल्या एखाद्या वहीत जाईल. देवाला तसं कळवलंय. पेटीतले उरलेले कागद वह्यांसाठी काढले आणि तिच्यात हिने धान्य भरलं.

हजेरीपट या पत्राबरोबरच टेंपोवाल्याकडे दिलाय. पहिलीतल्या पिल्लांची नावं तुझ्या हाताने घाल.

तुझा,
चिकट्या