गळतीवरचा डबा

गुरुवार, १९ ऑगस्ट १९७६

आज पुन्हा ट्रकच्या रेडिएटरमधलं पाणी उतरलं होतं. खाली मात्र एक थेंब नाही. ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली, तर ऑइल दुधाळ, चहासारखं. म्हणजे पाणी इंजिनातच शिरतंय.

यासीनचाचा बाबांच्या काळापासूनचे आमचे ड्रायव्हर. ते ऐकेनात. "गळतीवरचा डबा आणा की मालक, रेडिएटरात औषध ओतलं की थांबतंय पाणी."

शाहूपुरीत स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदारानं दोन डबे पुढं ठेवले, एक मोटारीसाठी, दुसरा डिझेल ट्रकसाठी. मग म्हणाला, "पावणं, रेडिएटर गळत असंल तर ह्यो ट्रकचा न्या. ऑइलात पाणी आलं असंल तर कुठलाच नगा, इंजिन खोला."

तरी ट्रकचा डबा घेतला. का घेतला? इंजिन खोलण्यापेक्षा ट्रक विकायचा, हे घरात ठरलंय. चाचांना कुणी सांगितलेलं नाही. त्यांचे डोळे मंदावलेत. दुसरीकडं कोण ठेवून घेणार त्यांना? ते दुधाळ ऑइल दिवसभर डोळ्यांपुढून हललं नाही.

संध्याकाळी चाचांनी स्वतः डबा ओतला आणि इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. बंद केल्यावर पट्टी मी काढली. तसंच दुधाळ.

"कमी झालंय न्हवं?" त्यांनी पट्टीजवळ डोळे नेऊन विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

चाचा खुलले. "मग उद्या राधानगरीला जायाला सकाळीच येतो."

"या," मी म्हणालो. उद्या सकाळीच ट्रक घेणारा माणूस येणार आहे.