‘न्हाय’ म्हटल्याबद्दल

७ जुलै १९५३
दूध नाही आज. हौसाबाई रोज दारात म्हैस उभी करून धार काढून देते. आज तिच्या पोराला, दत्तूला, पुढं ढकलत आली. "बाई, हात बघा की ह्येचा. तुमच्या मालकांनी मारलंय."
उजव्या हाताची बोटं वांग्यासारखी सुजलेली. ह्यांच्याच वर्गात आहे तो. ‘कविता येते का?’ विचारल्यावर ‘न्हाय’ म्हणाला. ‘नाही’ म्हण म्हटलं, तरी तोंडात ‘न्हाय’च आलं. मग लाकडी पट्टीच्या कडेनं बोटांवर. हळद गरम करून लावली, फडकं बांधलं.
ह्यांना विचारलं. "शुद्ध बोलायला शिकायला नको?" वर, भाजीत मीठ कमी म्हणे.

९ जुलै
हे घरात झुरळसुद्धा मारत नाहीत. आमच्या लेकीवर, कुसुमवर, कधी हात उगारला नाही. गल्ली म्हणते, किती शांत माणूस. किळस आली त्या शांतपणाची.

१३ जुलै
हाडवैद्य म्हणाला, मधलं बोट सरळ व्हायचं नाही. तरी दत्तूचा बाप आमच्या ओट्यावर हात जोडून, "मारा की मास्तर, पोरगं सुधारलं पायजे." ह्यांनी मान डोलावली! हौसाबाई नवऱ्यावर उसळली: "तुला काय कमी मारलं व्हय? तू सुधारलास?" शाळेच्या कमिटीकडं जाते म्हणाली.

१७ जुलै
हेडमास्तर घरी. "वहिनी, तिनं साक्षीला तुमचं नाव दिलंय. म्हशीनं लाथ मारली असेल, नाही का?" मी कप उचलून आत गेले. नंतर हे: "माझी नोकरी गेली तर खाशील काय?" आणखीही बोलले. ते लिहीत नाही.

२० जुलै
बोटं पाहिली ती आणि हे काय म्हणाले ते कमिटीपुढं सांगितलं. "विचार करून पुन्हा सांगा." पुन्हा तेच सांगितलं. निकाल मागाहून.
बाहेर हौसाबाई. वाटलं, हात धरेल. "खरं बोललासा, बरं केलंसा. पर दत्तू शाळंत पाय ठेवीना झालाय. त्येला काय सांगू?"
घरी हे निबंध तपासत बसलेले.
"बोललीस?"
"बोलले."
लाल शाईत टाक बुडवून पुढचा निबंध ओढला. उद्या त्याच वर्गावर जाणार.