खुंटीवरून काढलेला कोट

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे चौसष्ट, धंदा जुन्या कपड्यांतून आणि घरातल्या टाकाऊ कापडांतून नवे कपडे शिवणे, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शरीर निरोगी आहे असे इथे लिहायची पद्धत असते. पण पोटात लिंबाएवढी गाठ आहे आणि उद्या सकाळी ती काढायची आहे, तेव्हा ते वाक्य गाळते. डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. दडपण आणायलासुद्धा कोणी येत नाही, हेच तर दुखणे आहे.

डॉक्टर म्हणाले, "घरचं कोणी असेल तर बोलावून घ्या."

मी म्हटले, "मुलगी आहे. पुलापलीकडे राहते."

"मग जवळच की!"

जवळच. दहा मिनिटांचा रस्ता आहे, आणि दोन वर्षांत माझी मुलगी त्या रस्त्याने एकदाही आलेली नाही. मी तीन चिठ्ठ्या पाठवल्या. तिन्ही न उघडता परत आल्या. मृत्युपत्र मात्र ज्याच्या नावे असते त्याला वाचावेच लागते, असे मला सांगण्यात आले आहे. म्हणून हा खटाटोप.

कलम पहिले. खाली दुकान, वर झोपायची खोली आणि दोन्हींना जोडणारा लाकडी जिना, हे सर्व माझ्या नावावर आहे आणि माझ्यामागे ते माझ्या मुलीचे. वरून सातवी पायरी हलते, तिच्या कडेला पाय द्यावा. या जागेवर माझ्या धाकट्या दिराचा कसलाही हक्क नाही. तो येईल आणि सांगेल की दादाने मला शब्द दिला होता. शब्द दिला तेव्हा मी तिथेच उभी होते. शब्द दादाने दिला नव्हता, त्यानेच दिला होता, आणि तो आमची शिडी परत करण्याचा होता. पंचवीस वर्षे झाली. ती शिडी मी या कलमाने त्याला देऊन टाकते, म्हणजे त्याला काहीच मिळाले नाही असे कोणी म्हणायला नको.

कलम दुसरे. शिवणयंत्र, इस्त्री, मापाच्या दोन टेप, बोटात घालायचे अंगुस्तान आणि दोऱ्याची रिळे मुलीला. तिला यातले सगळे येते, मीच शिकवले आहे. काज करायला ती माझ्याहून सरस आहे. हे मी तिला कधी बोलून दाखवले नाही, ते इथे नोंदवते. बटणांची बरणी माझ्या नातीला, जिला आम्ही लाडाने बटण म्हणतो. या बरणीवर माझा एक साक्षीदार, गाठोडेवाला, डोळा ठेवून होता. तोच मला वर्षानुवर्षे जुन्या कपड्यांची गाठोडी आणून देतो. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. मी त्याला सांगितले, सही केलीस तर बरणी नाही, बरणी हवी तर सही नाही. तासभर तोंड पाडून बसला आणि सहीला तयार झाला. बरा माणूस आहे.

मोठी कात्री कोणालाही देऊ नये. शेजारच्या किल्लीवाल्याने तिचा स्क्रू काढून दोन पाती वेगळी करावीत आणि टाकून द्यावीत. का, ते पुढे येईल.

उसवायचे बारीक ब्लेड नातीला, पण ती बारा वर्षांची झाल्यावर. त्यासोबत तिला माझी पद्धतही देते, कारण माझ्याकडे खरी मिळकत तेवढीच आहे. लोक मला उसवणीबाई म्हणतात. इतर शिंपी आधी कापतात, मी आधी उसवते. आणलेला कपडा धुवायचा, वाळवायचा, मग एकेक शिवण ब्लेडने सोडवायची, घाई करायची नाही. खिसे उलटून झटकायचे. कापडाची आतली बाजू पाहायची. वरून विटलेला सदरा आतून नव्यासारखा निघतो. पडद्याचा घेरदार झगा होतो, पण जिथे ऊन लागले तो भाग घडीत लपवायचा. चादर मधोमध झिजते, म्हणून तिचा कपडा कडांतून काढायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, कात्री लावण्याआधी मालकाला तीन वेळा विचारायचे. "कापू?" त्याने "कापा" म्हणायचे. असे तीनदा.

गिऱ्हाईक हसते. हसू दे. एक शाळामास्तरीण आईचा टेबलक्लॉथ घेऊन आली होती. दोनदा "कापा, कापा" म्हणाली. तिसऱ्यांदा विचारले तर तिने तो उचलला, छातीशी धरला आणि निघून गेली. कापलेले कापड परत जोडता येत नाही, म्हणून तीनदा. चाळीस वर्षांत मी हा नियम एकदाच मोडला, आणि तोही परक्या माणसाशी नव्हे.

कलम तिसरे. माझ्या नवऱ्याच्या सदऱ्यांपासून केलेले चार उशांचे अभ्रे आणि एक एप्रन. तो गेल्यावर महिन्याभरात मी त्याचे अकरा सदरे उसवले. अभ्रे झाले, एप्रन झाला, मुलीचे दोन झगे झाले. रडायला सवड मिळाली नाही आणि मला ते बरे वाटले. दुःखाचे असेच करायचे असते, त्याचा काहीतरी उपयोगाचा कपडा करून टाकायचा, असे मी धरून चालले. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तो झगा घालून ती दिवसभर बाहीचा वास घेत बसायची. मी पाहिले आणि म्हटले, "मळवू नकोस." 

अभ्रे मुलीला. एप्रन माझ्या नणंदेला. "माझ्या भावाला तू हात पुसायला घेतलंस," असे ती चारचौघांत म्हणाली होती. आता तिने त्याला सांभाळावे.

कलम चौथे. तपकिरी लोकरी कोट, पुरुषाचा. हा माझा नाही. तरी तो माझ्या ताब्यात असल्यामुळे त्याची हकिकत लिहिणे भाग आहे.

कोट माझ्या जावयाचा. तो मालवाहू बोटीवर यंत्रे दुरुस्त करायचा. शेवटच्या खेपेला जाताना कोट घरीच ठेवून गेला, म्हणाला, "तिकडे गरम असतं, उगाच ओझं कशाला." मधल्या एका बंदरात तो उतरला आणि परत बोटीवर चढला नाही. पत्र नाही, निरोप नाही, प्रेत नाही. मुलगी नातीला घेऊन माझ्याकडे राहायला आली. सोबत दोन पेट्या आणि हा कोट. तो तिने वर दाराजवळच्या खुंटीला लावला. लॉन्ड्रीत दिवसभर परक्यांच्या कपड्यांना इस्त्री करून यायची आणि दर रविवारी ब्रश घेऊन या कोटाची धूळ काढायची. "थंडीत आला तर लागेल," म्हणायची. तीन वर्षे.

चौथ्या हिवाळ्यात ती कामाला गेलेली असताना मी तो खुंटीवरून काढला, उसवला आणि मोठ्या कात्रीने कापला. कोणालाही विचारले नाही. एकदासुद्धा नाही. पाठीतून नातीच्या कोटाची पाठ आणि पुढचे दोन पाख, म्हणजे छातीवरचे दोन भाग, काढले, उजव्या बाहीतून तिच्या दोन बाह्या, आणि डाव्या बाहीच्या खालच्या भागाची कान झाकणारी टोपी. शिलाई अशी सफाईदार झाली होती की मीच खूश. मुलगी आली तेव्हा बटण नवा कोट घालून दुकानात गिरक्या घेत होती.

मुलगी आधी वर गेली. मग खाली आली. ओरडली नाही. तिने विचारले, "आई, खुंटीवरचा कोट?"

मी म्हटले, "अगं, पोर थंडीनं काकडत होती. घरात दुसरं गरम कापड नव्हतं."

ती म्हणाली, "मी अजून त्याला जिवंत ठेवला होता. तू माझ्याआधी मारलास."

तिने पोरीच्या अंगातून कोट काढला, माझ्या टेबलावर टाकला आणि त्याच संध्याकाळी दोन्ही पेट्या घेऊन गेली. सातव्या पायरीला ठेचकाळली. मी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही.

कलम पाचवे. हिरवे घोंगडे, एक, जाड, न कापलेले, कपाटाच्या वरच्या फळीवर. हे नातीला.

मुली, हे कलम नीट वाच. ते घोंगडे त्या हिवाळ्यात तिथेच होते. त्याच्या शेजारी दोन जाड पडदेही होते. पोरीचे तीन कोट झाले असते. कापड नव्हते हे मी खोटे बोलले, आणि दोन वर्षे त्या खोट्यावर बसून राहिले. चिठ्ठ्यांमध्येही तेच लिहिले होते. तू त्या न वाचता परत पाठवल्यास, हे बरेच केलेस.

खरे हे आहे की मला ती खुंटी बघवत नव्हती. तुझे वय जात होते. दाराचा आवाज झाला की तुझी मान वळायची. मीच ठरवले की तो मेला. मीच ठरवले की आता पुरे. मला वाटले, कोट नाहीसा झाला की वाट पाहणे थांबेल, चार दिवस रडशील आणि माझ्यासारखी कामाला लागशील. माझ्यासारखी व्हावीस असे मला वाटले, यात मी तुझे काय भले पाहिले कोण जाणे. वाट पाहणे तुझे होते. त्याला हात लावायचा मला काडीचा अधिकार नव्हता. मी चुकले. हे वाक्य लिहायला मला पोटातली गाठ लागली.

कलम सहावे. कोटाची सध्याची स्थिती. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोरीचा कोट उसवला. मी चिंधीसुद्धा टाकत नाही, त्यामुळे सगळे तुकडे हाती होते. एकूण एकोणीस. कापलेले परत जोडता येत नाही असे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले, आणि दोन वर्षे तेच करत बसले आहे. कोटाच्याच दुमडीतले धागे ओढून काढले आणि त्यांनी कडेला कड लावून रफू केले. दिवसाला बोटभर होते. गिऱ्हाइके तुटली, डोळ्यांतून पाणी यायला लागले, तरी सोडले नाही. दुसरे करण्यासारखे माझ्याजवळ होते काय? पाठ झाली, पाख झाले, उजवी बाही झाली, अस्तर लागले, बटणे त्याचीच लागली. उजेडात धरलास तर जोड दिसतील. हाताला तर लागतीलच.

डावी बाही कोपरापर्यंत आहे. पुढची नाही, कारण ती टोपीत गेली, आणि तू कोट काढून घेतलास तेव्हा टोपी पोरीच्या डोक्यावरच राहिली. तुलाही दिसली नाही, मलाही नाही. नंतर मला दिसली. थंडीत सकाळी मी दुकानाच्या दारात उभी राहते. पुलावरून शाळेला जाताना बटणच्या डोक्यावर ती तपकिरी टोपी असते. आता कानांना पुरत नाही, तरी घालते. म्हणजे तू ती फेकली नाहीस. का फेकली नाहीस ते मला कळत नाही, विचारायची सोय नाही, पण या एका टोपीवर मी दोन हिवाळे काढले. किती वेळा मनात आले, पुलावर गाठावे आणि म्हणावे, दे गं ती टोपी, आजीला बाही पुरी करायची आहे. तेवढी मिळाली असती तर कोट पुरा होऊन मी तुझ्या दाराशी आले असते. नाही मागितली. एकदा कोणाला न विचारता कोट कापला, आता पोरीचे कान उघडे पाडून तो शिवायचा नाही, एवढी अक्कल तरी मला आली आहे.

तेव्हा शेवटचे. टोपी कोणीही, कधीही परत मागू नये. कोट आहे तसा, दीड बाहीचा, माझ्या मुलीला.

मला मरायची भीती वाटते. त्याहून जास्त भीती, तू माझ्याशी बोलण्याआधीच मी मरेन याची. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचायचे असते हे मला ठाऊक आहे, पण माझ्याने तेवढा धीर धरवत नाही. म्हणून याची एक प्रत आज दुपारीच गाठोडेवाला तुझ्या हातात देईल. उद्या सकाळी सात वाजता मी पायी दवाखान्यात निघेन. रस्ता तुझ्या खिडकीखालून जातो. कोट माझ्या हातावर असेल. खाली आलीस तर घे. नाही आलीस, तर मी तो खालच्या कठड्यावर घडी करून ठेवीन आणि पुढे जाईन, हाक मारणार नाही.

तो खुंटीला लाव. दर रविवारी ब्रश फिरव. रफूवर हलक्या हाताने फिरव. आणि तो आल्यावर विचारेल, माझी डावी बाही कुठे गेली. त्याला सांग, सासूने कापली, आणि तुझी मुलगी ती डोक्यावर घालून शाळेत गेली.

हे सर्व मी वाचून पाहिले आहे. यातले काहीही खोडायचे नाही.

ठिकाण: दुकान, शिवणयंत्राच्या टेबलावर
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, बुधवार, सकाळी अकरा

सही: उसवणीबाई

साक्षीदार पहिला: गाठोडेवाला. सही माझ्यासमोर झाली. प्रत घेऊन निघालो आहे.

साक्षीदार दुसरा: किल्लीवाला. सही माझ्यासमोर झाली. कात्रीचा स्क्रू बाईंनी आजच काढून घेतला, मरेपर्यंत थांबल्या नाहीत.